दोनशे वर्षांपूर्वीचं शेत हातांनी कसून बघताना : एका वर्षाचा अनुभव आणि काही प्रश्न

कातळसडा

नमस्कार मंडळी,

गेल्या वैशाखापासून दिवाळीपर्यंत आमच्या वाडीतल्या तीन घरांनी मिळून एक काम केलं, त्याबद्दल लिहितोय. वाडी देवगड तालुक्यातली. अर्ध्या एकराचा एक भातमळा आणि त्याच्या कडेचा पडका मांगर (शेतातलं खोपटं), एवढंच घेतलं. तिथलं सगळं काम, तरव्यापासून (भाताच्या रोपांपासून) ताटात भात पडेपर्यंत, जुन्या पद्धतीने आणि जुन्या अवजारांनी करायचं ठरवलं. पॉवर टिलर नाही, पंप नाही, युरिया नाही, गिरण नाही, आगपेटीसुद्धा नाही.

पहिला वाद झाला तो ‘जुनं म्हणजे किती जुनं’ यावर. आम्ही सगळे पन्नाशीच्या अल्याडपल्याडचे. जुनं घर म्हटलं की डोळ्यांपुढे आजीचं घर येतं : मंगलोरी कौलं, रॉकेलची चिमणी, चुलीवरचा चहा, काळंभोर सारवलेलं खळं. यातली एकेक गोष्ट तपासायला घेतली आणि एकेक हातातून निसटायला लागली. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना काढला १८६५ साली. रॉकेल त्याच्याही नंतर आपल्या घरांत रुळलं. चहा तर फार अलीकडचा. आणि ते काळंभोर खळं? आजी शेणाच्या काल्यात टॉर्चच्या संपलेल्या सेलमधला काळा मसाला मिसळायची! त्याआधी करवंटीचा कोळसा वाटून घालत.

शेवटी १८२५ च्या आसपासचा काळ धरला. पेशवाई नुकतीच संपलेली, रेल्वे नाही, रॉकेल नाही, आगकाडी नाही. मिरची ठेवली, कारण ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. काजूही त्यांनीच आणला, म्हणून तोही ठेवला. चहा, टोमॅटो, बटाटा बाद. मांगरावर कौलांऐवजी भाताचा पेंढा आणि माडाचे झाप घातले. झाप विणायला वाडीतल्या दोन आज्या बसल्या. चुडत मधोमध चिरून, पाणी मारून, पाती एकाआड एक गुंफत जायची. त्यांचं एक झाप होईपर्यंत आमचं पाव होत होतं, आणि आमचं उचललं की उसवत होतं.

भाजावळ वैशाखातच झाली. शेण, वाळलेला पाला, ऐन-किंजळीची तोडलेली कवळं, वर गवत आणि शेवटी बारीक माती, असे थर घालून तरव्याची जमीन भाजली. भाजल्यामुळे तणाचं बी मरतं आणि राखेचं खत मिळतं, एवढं पुस्तकी ज्ञान होतं. वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावायची, म्हणजे ती सावकाश सरकते आणि माती खोलवर तापते, हे मात्र अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका काकांनी ऐन वेळी सांगितलं. आम्ही वाऱ्याच्या बाजूने लावायला निघालो होतो. भुरकन वरचं गवत जळून गेलं असतं आणि माती थंडच राहिली असती.

बैलजोडी शेजारच्या गावातून आणली. काकांच्या गोठ्याच्या माळ्यावर लाकडी नांगर होता. इसाड (लांब दांडा) शाबूत, रुमण्याला (धरायच्या मुठीला) वाळवी, फाळ गंजलेला. रुमणं नवीन घातलं. चिखलणीला पहिले दोन दिवस काकांनी जोत धरलं, मग आम्ही. नांगर दाबायचा नसतो, तो तोलायचा असतो, हे कळायला माझे तीन दिवस गेले. जोरात दाबला की फाळ खाली रुततो, बैल थांबतात, त्यांचे खांदे सोलवटतात. रुमण्यावर हात नुसता ठेवायचा, फाळ आपली वाट धरतो. काका म्हणाले, “बैलाक सांगूचा नसता, बैलाचा आयकूचा आसता.”

मृगात तरवा पेरला, वालय जातीचा. आर्द्रा सरता सरता काढला आणि तरणा पाऊस लागल्यावर लावणी. इरली शेवटच्या क्षणी मिळाली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि आत पळसाची पानं. प्लास्टिकची खोळ वाऱ्याने उडते, एक हात ती सावरण्यात जातो. इरलं वाकलेल्या पाठीच्या मापाचंच बेतलेलं असतं. ओणव्याने लावणी करताना ते डोक्यापासून कमरेच्या खालीपर्यंत झाकतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. उभं राहिलं की मात्र ते अवघडच वाटतं. म्हणून संग्रहालयात भिंतीवर टांगलेलं इरलं बघून त्याचा आकार असा का, हे कधी कळलंच नव्हतं. गणपतीपुळ्याच्या ‘प्राचीन कोकण’मध्ये पुतळ्यांच्या रूपात जुना गाव उभा केलाय, मुलांना मी दोनदा तिथे नेलंय आणि पुन्हा नेईन. पण वस्तू वाकून वापरली की ती जे सांगते, ते वेगळं.

विस्तवाचं सांगायचं राहिलं. चकमकीने जाळ करायचा प्रयत्न केला, उन्हाळ्यात जमलं. पावसाळ्यात कापूस दमट, गारगोटी दमट, काहीच पेटेना. तेव्हा कळलं की लोक रोज नव्याने विस्तव करतच नव्हते, तो सांभाळत होते. रात्री निखाऱ्यावर सोडण (नारळाचं साल) ठेवून राखेने झाकलं की सकाळपर्यंत आत धुमसत राहतं. पाच महिन्यांत आमचा विस्तव चार वेळा विझला. चारही वेळा शेजारच्या घरून करवंटीत निखारा आणला. ‘विस्तव मागायला जाणं’ हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

आता जिथे सपशेल चुकलो ते. बियाण्याची मुडी. पुढच्या वर्षीचं बी आम्ही पेंढ्यात गच्च बांधून, पेंढ्याच्याच दोराने आवळून, मुडी करून चुलीवरच्या माळ्यावर टांगलं. महिन्याभराने उघडलं तर मध्ये बुरशी. भात पुरेसं वाळलं नव्हतं. दोन उन्हं दिली होती, आजी म्हणाली पाच तरी द्यायला हवी होती आणि मग दाताखाली दाणा फोडून बघायचा होता, कट्टकन आवाज आला पाहिजे. सगळं बी गेलं. त्या काळात हे झालं असतं तर पुढच्या जूनमध्ये कुणाच्या दारात उभं राहावं लागलं असतं, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

आणि भरडणं. घिरट, म्हणजे भाताचं तूस काढायचं लाकडी जातं, मिळालं नाही, म्हणून वायनात (उखळात) मुसळानेच भात कांडलं. चार पायली भात म्हणजे साधारण दोन पायली तांदूळ, निम्मे. आम्ही चौघांनी आळीपाळीने सकाळभर मुसळ घातलं, त्यात अर्धी कणी झाली. त्या संध्याकाळची पेज मात्र मी विसरणार नाही.

माझे प्रश्न असे : कोकणातलं लाकडी घिरट कुणाकडे अजून चालू स्थितीत आहे का? काथ्या कुजवून सुंभ वळणारं कुणी माहितीत आहे का? आणि आम्ही कुठे चुकलो, काय सुटलं, ते मोकळेपणाने सांगा. पुढच्या वैशाखात पुन्हा करणार आहोत.

आगरकन्या

कातळसडा, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मी अष्टागरातली, रेवदंड्याजवळची. आमच्याकडे भातापेक्षा वाडी महत्त्वाची, नारळ-पोफळीची, आणि वाडी म्हणजे रहाट. माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर रहाट चालत होता. आडवं चाक रेडा फिरवायचा, त्याचे लाकडी दाते उभ्या चाकाच्या दात्यांत अडकायचे, उभ्या चाकावरून दोरांची माळ खाली विहिरीत आणि माळेला मातीचे लोटे बांधलेले. लोटे पन्हळीत ओतले जायचे, तिथून पाटाने आळ्यांत.

पहाटेची कुरकुर हेच आमचं घड्याळ होतं. आवाज बदलला की आजोबा अंथरुणातून उठून विहिरीकडे जायचे. कुठला दाता झिजलाय हे त्यांना आवाजावरून कळायचं. कुंभार दर वर्षी लोटे देऊन जायचा, त्याला वाडीतले नारळ. लोटा फुटायचाच. म्हणून एक-दोन फुटले तरी माळ चालत राहील आणि नवा लोटा लगेच बांधता येईल अशीच ती रचना होती. पुढे पंप आला तेव्हा आजोबा खूष झाले होते, हेही सांगायला हवं. रेड्याचे डोळे बांधून त्याला दिवसभर गोल फिरवताना त्यांना बरं वाटायचं नाही.

तुमच्या मळ्याला पाणी पावसाचंच होतं. उन्हाळी भात कधी केलंत तर लाट (एका टोकाला वजन बांधलेली, पाणी उपसायची काठी) लावणार का?

दर्यापार

मी गेली बरीच वर्षं युरोपात आहे, मूळचा राजापूरचा. डेन्मार्कमध्ये लेजर गावी १९६४ पासून असं काम चालतं. लोहयुगातली घरं त्या काळच्या अवजारांनी बांधून, त्यात राहून बघतात. इंग्लंडमध्ये बटसरला १९७२ मध्ये पीटर रेनॉल्ड्स यांनी प्रयोगशेत सुरू केलं. तुमची मुडी वाचून मला त्यांचा धान्याच्या खड्ड्यांचा प्रयोग आठवला.

खोदकामात जमिनीत खोल खड्डे सापडत होते. त्यांत धान्य साठवत असतील यावर पुष्कळांचा विश्वास बसत नव्हता, ओल्या हवेत धान्य जमिनीत टिकेलच कसं? रेनॉल्ड्स यांनी खरोखर धान्य भरून वर मातीचं झाकण घट्ट लिंपलं. कडेचं धान्य ओलीने थोडं मोडवतं, मोड येताना आतला प्राणवायू वापरून टाकतं आणि कर्बवायू साचतो. मग कीडही जगत नाही आणि बाकीचं धान्य झोपी जातं. महिन्यांनी उघडलं तर ते उगवण्याजोगं होतं.

आपल्याकडे घाटावर, देशावर, पेवं (धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे) होती, तत्त्व हेच. मग कोकणात पेव का नाही? पावसाळ्यात आपल्याकडे हात-दोन हातांवर पाणी लागतं, वर तीन हजार मिलिमीटर पाऊस. पेव भरलं तर त्याची विहीर होईल. म्हणून कोकणाने धान्य जमिनीत न नेता चुलीच्या वर नेलं, धुरात टांगलं. तुमची मुडी नासली त्यातूनही हेच दिसतं : पेव हवा कोंडून टिकवतं, मुडी कोरडेपणावर टिकवते. दाणा कोरडा नसेल तर धूर काही करू शकत नाही. तुम्ही किती उन्हं दिली, वजन किती घटलं, कुठल्या नक्षत्रात उघडली, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्याला त्याचा उपयोग होईल.

घाटवाट

काम मोलाचं आहे. पण ‘सगळं गावातच’ ही कल्पना मनातून काढायला हवी, निदान १८२५ साठी तरी. कोकणात कापूस होत नाही. अंगावरचं धोतर, लुगडं, घोंगडी घाटावरून यायची. मीठ, सुकी मासळी, नारळ, कोकम इकडून वर जायचं. वाहतूक बैलांच्या पाठीवरून, गोणीत. बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला तो १८३० मध्ये, म्हणजे तुमच्या सालानंतर. तळकोकणातून बेळगावकडे जायला रामघाट होता. तुमच्या वाडीतल्या मिठाच्या मडक्यामागे एक मिठागर आहे आणि घोंगडीमागे एक धनगरवाडा.

पुढच्या वर्षी एक दिवस तरी पाठीवर ओझं घेऊन घाटवाट चढा. मी दोनदा गेलोय, एकदा वीस किलो तांदूळ घेऊन. अर्ध्या चढावर माणूस प्रत्येक मुठीची किंमत करायला लागतो. खाली समुद्रकाठी स्वस्त असलेलं मीठ वर महाग का व्हायचं, हे पिंढऱ्यांना कळतं.

वरकस

बराच वेळ लिहावं की नको असा विचार करत होतो. लिहितो, कारण तुम्ही मोकळेपणाने सांगा म्हणालात.

तुमच्या लेखात मळा आहे, बैल आहे, पाऊस आहे, पेज आहे. खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, नाही. १८२५ च्या रत्नागिरी जिल्ह्यातला असा मळा कसणारं घर बहुतेक कूळ असणार. खळ्यावर मळणी झाली की रास तिथेच मोजली जायची आणि कित्येक ठिकाणी निम्मी रास खोताच्या घरी जायची. त्यावर वेठ. स्वतःच्या मळ्यात लावणीची वेळ आलेली असताना आधी खोताच्या मळ्यात जायचं. माझ्या पणजीच्या हाताला मुसळाचे घट्टे होते, आणि त्यातले निम्मे घट्टे दुसऱ्याच्या तांदळाचे होते. आमच्या घरात ही गोष्ट आम्हाला लहानपणीच सांगितली गेली.

अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ शेतं ओसाड ठेवून संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. भात पिकवणाऱ्यांनी सहा वर्षं भात लावलं नाही. काय वेळ आली असेल त्यांच्यावर? बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडलं. खोती कायद्याने गेली १९४९ साली. आता आपण नांगर, घिरट, इरलं जपतोय. मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या पणजीला जे येत होतं ते मलाही शिकायचंय. पण तिच्या आठवणीतून खोताचं खळं वगळलं तर ती माझी पणजी उरत नाही.

कातळसडा

वरकस, मनापासून आभार. तुम्ही म्हणता ते आमच्या बोलण्यात एकदाही आलं नव्हतं, आणि का आलं नव्हतं तेही आता दिसतंय. तिन्ही घरांपैकी दोन घरांकडे जमीन पूर्वापार आहे. ज्या काकांनी आम्हाला नांगर शिकवला त्यांचं घर मात्र कुळाचं. काल त्यांच्याकडे गेलो आणि सरळ विचारलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्यांच्या वडिलांना रास मोजायच्या दिवशी ताप यायचा, दर वर्षी.

पुढच्या मळणीला आम्ही रास दोन भागांत मोजणार. निम्मं बाजूला काढून ठेवायचं आणि उरलेल्या निम्म्यावर तीन घरांचं वर्ष कसं निघतं याचा रोजचा हिशोब ठेवायचा. बाजूला काढलेलं भात काय करायचं ते काका ठरवतील. तुम्ही मळणीला यावं अशी फार इच्छा आहे.

घाटवाट, घोंगडीचं आमच्या ध्यानातच नव्हतं. आम्ही सगळे सुती सदरे घालून ‘गावातलं सगळं’ म्हणत होतो. आगरकन्या, वायंगणी, म्हणजे उन्हाळी भात, करायची ठरली तर ओहोळावर लाट नक्की. एक जुनी लाट आहे, तिच्या टोकाचं वजनाचं दगड-ओझं जागेवर आहे, नुसती काठी मोडलीय.

खाडीकाठ

सुंभाबद्दल. आमच्याकडे आचऱ्याच्या बाजूला माझी मावशी अजून वळते, थोडंसंच. हिरवट नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरायची आणि वर दगड. भरती-ओहोटीचं मचूळ पाणी रोज त्यावरून गेलं पाहिजे. सहा महिने तरी, जास्त झाले तर बरंच. मग काढून, धुऊन, लाकडी मोगरीने बडवायची. मऊ भाग झडून जातो, धागा उरतो. उन्हात वाळवून मांडीवर नाहीतर दोन तळव्यांत पीळ द्यायचा. घाई करून न कुजवता सोलून काढलेला काथ्या राठ होतो, हाताला टोचतो.

या दोराची खुबी म्हणजे खाऱ्या पाण्यात तो कुजत नाही. ताग-अंबाडीच्या जाळ्यांना मात्र जपावं लागे. ऐनाच्या सालीचा काढा करून त्यात जाळी बुडवत, उकळत, पुन्हा वाळवत. नायलॉन आलं आणि ते काम गेलं. सालीच्या काढ्याचा वास मला अजून आठवतो, किनाऱ्यावर सगळीकडे लालसर पाण्याचे ओघळ असायचे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला शेतावरची माणसंही यायची, ओढणाऱ्याला वाटा. नारळी पौर्णिमेआधी समुद्र बंद, तेव्हा आमचे लोक चिखलणीला जायचे आणि भात घेऊन यायचे. शेतकरी आणि मासे मारणारे वेगवेगळे दाखवायची आता सवय झालीय. पावसाळ्यातल्या चिखलात ते एकाच बांधावर असत.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मावशी विस्तव धरून ठेवायला सुंभाचं टोक पेटवून खांबाला टांगते. जळत गेलेला भाग राखेचा होतो पण वळण तसंच दिसतं, बोट लावेपर्यंत. कातळसडा, तुमचा विस्तव चारदा विझला ना? पुढच्या वर्षी सोडणाबरोबर हेही करून बघा. मावशीला विचारलं, ती दोन वाव सुंभ देईल.

भरडपेज

आमच्या घरात घिरट आसा. माळ्यार. आजयेन विकूक दिल्यान नाय. मुंबयसून एक जण इललो, हाटेलात ठेवूक मागी होतो, काचेखाली. आजयेन सांगल्यान, तेचेर अजून भात भरडूचा आसा. ती जावन पंधरा वर्सां झाली. आमी तेका हात लावलो नाय. तुमी भरडतल्यात तर घेवन जावा. पण माका एक सांगा, तेचे दाते झिजले आसत, ते कोण कोरतलो?

सूपरोवळी

भरडपेज दादा, आधी फोटो काढा आणि मापं घ्या : वरच्या तळीचा व्यास, दात्यांची संख्या, दात्यांचा कल कुठल्या बाजूला आहे, मधला खुंटा किती झिजलाय. कोरायची घाई करू नका. दात्यांचा कल उलटा झाला तर भात बाहेर सरकण्याऐवजी मध्येच गोळा होतं. मी बांबूचं काम करते, घिरटाचं नाही, पण माझे सासरे भरडलेलं पाखडायचे आणि त्यांचं एक वाक्य पक्कं लक्षात आहे : तळ्या फार जवळ आल्या तर कणी, फार लांब गेल्या तर भाताचं भातच. त्या अंतरासाठीच खुंट्याखाली पातळ पाचर असते. कातळसडा, तुमची मुसळाने अर्धी कणी झाली ती यामुळेच. घिरट फक्त तूस काढतं, दाण्याला ठेचत नाही. त्यानंतर वायनात नुसतं सडायचं, कोंडा जाईपर्यंत, हलक्या हाताने.

सुपाचंही सांगते. पाखडताना तुमच्याकडचं सूप नवं असेल तर आधी शेणाने लिंपून वाळवा, नाहीतर बारीक कणी विणीतून गळते. रोवळी लिंपायची नाही, तिला पाणी गळायलाच हवं. आणि कणगी करून हवी असेल तर बांबू अमावास्येच्या आसपास तोडा असं आमच्याकडे सांगतात. कीड कमी लागते हा आमच्या घरचा अनुभव आहे. आमच्या कामाला लोक ‘हस्तकला’ म्हणायला लागले ते अलीकडे. पूर्वी दारावर टोपली घेऊन गेलं की अंगणाबाहेरच थांबावं लागायचं. वरकस दादांनी लिहिलं म्हणून मीही लिहितेय.

आगरकन्या

सूपरोवळी ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वाडीतही तसंच होतं. आजोबा रेड्याबद्दल हळहळायचे, पण सूप घेऊन येणाऱ्या बाईला पाणी मात्र वरूनच ओतलं जायचं. मी ते पाहिलंय.

दर्यापार

भरडपेज, लाकूड कुठलं आहे ते ओळखता आलं तर बघा. झिजलेले दाते पुन्हा कोरण्याआधी झीजसुद्धा नोंदवून ठेवा. कुठल्या बाजूला जास्त झिजलंय त्यावरून भरडणारी बाई उजव्या हाताने फिरवायची की डाव्या, एकटी बसायची की समोर दुसरी, हे सांगता येईल.

भरडपेज

आज माळ्यार चढलंय. व्यास दीड हात आणि चार बोटां. दाते वरच्या तळीक मोजूक गावले, छत्तीस. झीज एकाच बाजूक नाय, समोरासमोर दोनीकडे आसा. आवशीक विचारलंय. ती म्हणाली, आजी आणि तिची जाव समोरासमोर बसत. जावेचा नाव आवशीक म्हायत नाय. शेजारच्या म्हाताऱ्येक विचारतंय उद्या.

खुंट्याखालची पाचर नाय गावली. पण घिरटाच्या भोकात भाताचे धा-बारा दाणे अडाकलेले होते. काळे झालेत. तशेच एका कागदात बांधून ठेवलंय.

कातळसडा

भरडपेज, ते दाणे टाकू नका. वालय आहे की बेळा, आमच्या आजीला दाण्यावरून ओळखता येईल, काळे असले तरी.

रविवारी सकाळी मी आणि काका येतो. काकांच्या ओळखीचा एक सुतार आहे, नांगर-जू करायचा, आता खिडक्या करतो. त्याला दाते दाखवू. पाचर काका फणसाच्या लाकडाची करतील असं म्हणाले. घिरट गाडीत आडवं घालायचं नाही, वरची आणि खालची तळी वेगळी करून पेंढ्यात ठेवायची, तेवढा पेंढा आमच्याकडून आणतो. आणि म्हाताऱ्या आजींना विचाराल तेव्हा जावेच्या नावाबरोबर एवढंही विचारा : दोघी बसायच्या त्या कुठल्या वेळी? लावणीच्या दिवसांत पहाटे की रात्री?